‘देवगड’ या चार अक्षरांचे किती?

एप्रिलच्या शेवटी आमच्या कोपऱ्यावर आंब्याचा मांडव पडतो. गवतात लावलेली अढी, मागे कापडी फलक, पुढे खोक्यांची रास. गेल्या हंगामात तिथे डझनाचे दोन खोके शेजारी शेजारी ठेवले होते. एकावर ठसठशीत ‘देवगड’ छापलेलं, दुसरा कोरा. पहिला अकराशेला, दुसरा आठशेला. माझ्यापुढे उभ्या असलेल्या काकूंनी दोन्हींतला एकेक आंबा उचलला, देठाशी नाक नेलं, परत ठेवला.

“फरक काय हो यात?”

“काकू, हा देवगड. तोपण हापूसच आहे, पण…” आणि ‘पण’नंतर मांडववाला नुसता हसला.

काकूंनी अकराशेवाला घेतला, वर “खरा नसला तर परत आणून देईन” असा दमही दिला. आता खरा आहे की नाही हे त्या घरी जाऊन कसं ठरवणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि त्यालाही. तरी व्यवहार झाला. अक्षरी पंचाहत्तर रुपये दराने काकूंनी चार अक्षरं विकत घेतली.

अर्थशास्त्रात या गोष्टीचा अभ्यास करणारी एक अख्खी शाखा आहे. माल कुठला आहे ते सांगणाऱ्या लेबलासाठी गिऱ्हाईक किती जादा पैसे मोजायला तयार होतं, ते कसं मोजायचं आणि त्या मोजमापावर कितपत भरवसा ठेवायचा, हा तिचा विषय.

पहिल्यांदा एक घोळ काढून टाकू. तीनशे रुपये हा दोन खोक्यांच्या भावातला फरक आहे. ती काकूंची तयारी नव्हे. त्यांची तयारी कदाचित पाचशेची असेल, म्हणजे खोका तेराशेचा असता तरी त्यांनी घेतला असता. मग त्या मनातल्या मनात दोनशे रुपये वाचवून घरी गेल्या. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मुलाची तयारी पन्नासची असेल. त्याने कोरा खोका उचलला. भाव एकच, तयारी माणसागणिक वेगळी. ‘पैसे मोजण्याची तयारी’ म्हणजे ज्याच्यावर एक रुपयाही वाढला तर माणूस हात मागे घेईल, तो आकडा. तो कुठल्याच पाटीवर लिहिलेला नसतो, म्हणून तर त्याला शोधायची एवढी यातायात.

पण मुळात लेबल लागतंच कशाला? वांगी घेताना कुणी लेबल वाचत नाही. वांगं दाबून बघतात, कीड बघतात, घेतात. १९७० मध्ये फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने मालाच्या गुणांचे दोन प्रकार सांगितले: बघून कळणारे आणि वापरून कळणारे. वांग्याचा ताजेपणा पहिल्यात, कलिंगडाची गोडी दुसऱ्यात. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी या जोडीने त्यात तिसरा प्रकार घातला: वापरूनही न कळणारे. गाडी दुरुस्तीला दिली आणि मेकॅनिकने “अमुक पार्ट बदलला” म्हणून सांगितलं, तर गाडी चालायला लागल्यावरही तो पार्ट खरंच खराब होता का हे आपल्याला कधीच कळत नाही. आंबा कुठला आहे ही बहुतेकांच्या बाबतीत याच तिसऱ्या प्रकारातली गोष्ट. गोड आहे की नाही ते जीभ सांगते, पण तो देवगडच्या कातळावरचा की कर्नाटकात तुमकूरकडच्या बागेतला हे सांगणारी जीभ दुर्मिळ. आपल्याकडे आहे असं प्रत्येकाला वाटतं, तो भाग वेगळा.

माझाच किस्सा सांगतो. एकदा असाच ‘देवगड’ छापलेला खोका आणला. दोन आंबे खाऊन झाले, सगळ्यांनी माना डोलावल्या, “याला म्हणतात हापूस” वगैरे झालं. तिसऱ्या दिवशी तळाचे आंबे काढले तर खाली अंथरलेला पेपर कानडी. झालं! पेपर हा काही पुरावा नव्हे, रद्दी कुठूनही कुठेही जाते. पण त्यानंतर त्या डझनातला एकही आंबा घरात कुणी मन लावून खाल्ला नाही. साल जाड वाटायला लागली, वास कमी वाटायला लागला. आंबे तेच होते. खोक्यावरच्या शब्दावरचा विश्वास उडाला आणि जाताना चवही घेऊन गेला.

असा विश्वास बाजारभर उडाला की काय होतं, ते तांदळात दिसतं. मुळशीचा आंबेमोहर हा पुण्याच्या जेवणातला जुना मानकरी. शिजताना आंब्याच्या मोहराचा वास सुटतो म्हणून आंबेमोहर. पण दाणा बारीक, उतारा कमी, रोपं उंच वाढून लोळतात. म्हणजे पिकवणाऱ्याला एकरी माल थोडा मिळतो आणि तो भरून निघायचा तर भाव जास्त हवा. आता दुकानात ‘आंबेमोहर’ या पाटीखाली दिसायला सारखा, परप्रांतातला दुसराच तांदूळ विकला जायला लागला की गिऱ्हाईक मनाशी हिशेब करतं: खरा असेल, नसेल, तर मधलाच काहीतरी भाव देऊ. तो मधला भाव नकली मालाला उत्तम परवडतो आणि खऱ्याला अजिबात नाही. मुळशीतला शेतकरी एक-दोन हंगाम बघतो आणि दुसरं वाण लावतो. खरा माल घटला की पाटीवरचा विश्वास आणखी घटतो, की भाव आणखी उतरतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून नेमकी हीच साखळी मांडली होती. त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं ते याच धाग्याच्या कामासाठी.

जाता जाता इंद्रायणीबद्दल सांगून टाकतो, कारण तिला उगाच नकली म्हणतात. इंद्रायणी ही आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ या भाताच्या दोन वाणांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेली, १९८७ सालची जात. आंबेमोहराची लेकच म्हणा. स्वतःच्या नावाने विकली जाते तोवर तिच्यात खोट काही नाही.

आता मोजायचं कसं? सगळ्यात सोपी वाट म्हणजे विचारायचं, “खात्रीशीर देवगड असेल तर किती जास्त द्याल?” आणि हीच वाट सगळ्यात फसवी. तोंडी विचारलं की माणूस दानशूर होतो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, थेट बागायतदाराकडून आंबे मागवायचे का, भाव थोडा जास्त पडेल. अंगठ्यांचा पाऊस पडला. आगाऊ पैसे भरायची वेळ आली तेव्हा निम्मेही उरले नाहीत. यात कुणी खोटं बोललं असं नाही. प्रश्न ऐकताना आपण ‘मी कसला माणूस आहे’ याचं उत्तर देतो. पैसे काढताना ‘या महिन्यात काय शिल्लक आहे’ याचं. शिवाय विचारणाऱ्यासमोर शेतकऱ्याच्या विरोधात कोण बोलणार! संशोधकांना हे चांगलंच ठाऊक आहे. नुसत्या प्रश्नावलीतून निघालेला आकडा प्रत्यक्ष खिशातून निघणाऱ्या रकमेपेक्षा फुगलेला असतो, हे जगभरात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. तेव्हा ‘सत्तर टक्के लोक जास्त पैसे द्यायला तयार’ छापाची बातमी वाचली की पैसे खरेच मोजले होते का, एवढं आधी बघावं.

थोडी बरी पद्धत अशी: लोकांपुढे दोन-तीन चिठ्ठ्या ठेवायच्या. एकीवर ‘देवगड, कोड असलेला स्टिकर, हजार रुपये’, दुसरीवर ‘नुसता हापूस, सातशे’, तिसरीवर ‘यातलं काहीच नको’. निवडा म्हणायचं. मग आकडे बदलून पुन्हा. असे अनेकांचे अनेक कौल जमा झाले की गणिताने काढता येतं की ‘देवगड’ या शब्दाचं वजन किती रुपये, स्टिकरचं किती. अशा निवडींचं गणित बसवणाऱ्या डॅनियल मॅकफॅडन यांना २००० सालचं नोबेल मिळालं. यात माणूस थेट आकडा सांगत नाही, बाजारात करतो तेच करतो, म्हणून फुगवटा थोडा कमी होतो. पण पैसे अजून खरे नाहीत.

पैसे खरे आणायचे तर लिलाव. नेहमीच्या लिलावात अडचण अशी की कुणीच आपला खरा आकडा बोलत नाही. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा तो उगाच नाही. मनातला आकडा झाकून ठेवण्यातच तिथे शहाणपण. १९६१ मध्ये विल्यम विक्री यांनी (आडनाव खरंच तसं उच्चारतात, मराठी माणसाने बारसं केल्यासारखं) यावर उपाय सांगितला. बंद पाकिटात आकडा द्या, सर्वांत मोठा आकडा जिंकेल, पण पैसे भरायचे दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याएवढे. म्हणजे तुमचा आकडा जिंकायचं की नाही ते ठरवतो, किती भरायचं ते नाही. मग लपवाछपवी करून फायदा काय?

याचीच एक घरगुती आवृत्ती १९६४ मध्ये बेकर, डीग्रूट आणि मार्शाक या तिघांनी काढली. तिला दुसरा बोली लावणारासुद्धा लागत नाही. ती समजायला जरा अवघड जाते, म्हणून एका रविवारी मी आमच्याच घरी करून बघितली. चार माणसांवरून पुण्याबद्दल काही सिद्ध होत नाही, पण पद्धत कशी चालते ते कळतं.

प्रत्येकाच्या हातात एक किलो इंद्रायणी दिला. समोर ओळखीच्या मुळशीकराकडून आणलेला आंबेमोहर ठेवला. सांगितलं, इंद्रायणी देऊन हा घ्यायचा तर वर किती रुपये द्याल ते कागदावर लिहा. डब्यात शून्य ते शंभरपर्यंतच्या चिठ्ठ्या आहेत, एक काढीन. चिठ्ठीवरचा आकडा तुमच्या आकड्याएवढा किंवा कमी निघाला तर चिठ्ठीवरचे पैसे द्यायचे आणि तांदूळ बदलून घ्यायचा. जास्त निघाला तर काही नाही, इंद्रायणी घेऊन घरी.

मामांना लगेच शंका आली: “मग मी कमीच लिहितो.” लिहा की. समजा मनातून साठ द्यायची तयारी आहे आणि लिहिले तीस. चिठ्ठी निघाली चाळीसची. साठाला परवडणारी वस्तू चाळीसला मिळत होती, ती हातची गेली. बरं, मोठेपणाने नव्वद लिहिले आणि ऐंशीची चिठ्ठी निघाली? साठाच्या वस्तूला ऐंशी मोजा आता. तेव्हा खरं लिहिण्यातच हित. हे समजावायला मला दोन चहा लागले.

त्याआधी तोंडी विचारलं होतं तेव्हा मामा म्हणाले होते, “अस्सल मुळशीचा असेल तर शंभर जास्त देईन की!” कागदावर चाळीस उमटले. आईने तोंडीही पन्नास सांगितले, लिहिलेही पन्नास. वहिनीने वीस. शेजारच्या काकांनी शून्य लिहून वर तळटीप दिली, “मला इंद्रायणीच आवडतो, मऊ होतो.” चिठ्ठी निघाली तीसची. आईने आणि मामांनी तीस-तीस रुपये रोख देऊन तांदूळ बदलला.

पुढे खरी मजा. दोन्ही तांदूळ सारख्या भांड्यांत शिजवले आणि न सांगता वाढले. मामांनी वास घेऊन छातीठोकपणे इंद्रायणीकडे बोट दाखवलं, “हाच आंबेमोहर.” उलगडा झाल्यावर त्यांचं म्हणणं पडलं की आंबेमोहर जुना नसणार, नाहीतर ओळखला असताच. आईने बरोबर ओळखला. म्हणजे आईचे पन्नास बहुतांशी चवीचे होते आणि मामांचे चाळीस नावाचे. संशोधकही हीच युक्ती करतात: आधी नाव झाकून चाखायला देतात, बोली घेतात, मग नाव दाखवून पुन्हा बोली घेतात. दोन बोल्यांमधला फरक हा निव्वळ नावाचा.

नावाचे पैसे म्हणजे फसलेले पैसे असं मात्र मी म्हणणार नाही. मामांचं आजोळ मुळशीतल्या पौडचं. त्यांना ताटातल्या वासाइतकंच ताटातलं गाव हवं असतं आणि त्यासाठी चाळीस रुपये द्यायला ते मोकळे आहेत. दुसरं म्हणजे भेट. स्वतःसाठी कोरा खोका घेणारा माणूस साहेबांना किंवा लेकीच्या सासरी द्यायचा तर छापलेलाच घेतो. तिथे लेबल खाणाऱ्याच्या जिभेसाठी नसतं, उघडणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतं.

आणि नावाची किंमत उणेही असू शकते. मे २०२५ मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तिथली सफरचंदं मागवणं बंद केलं. आदल्या आठवड्यात ज्या पेटीला भाव होता, तिच्यातली फळं काही आंबट झाली नव्हती. बदललं ते फक्त देशाच्या नावाचं ओझं. सफरचंदाचाच विषय निघाला आहे तर, फळावर चिकटवलेला चार आकडी नंबर बघून “४ म्हणजे अमक्या देशाचं” असं सांगणारे फॉरवर्ड फिरतात. तो नंबर फळाची जात आणि आकार सांगतो, देश नाही. पाच आकडी आणि ९ ने सुरू होणारा असेल तर सेंद्रिय, एवढंच.

मग सरकारने सगळ्याच खाण्यावर ठिकाण छापायची सक्ती का करू नये? अमेरिकेने करून पाहिली. २००२ च्या शेती कायद्यात तरतूद आली, २००९ पासून गोमांस आणि डुकराच्या मांसावर जनावर कुठल्या देशातलं ते छापणं बंधनकारक झालं. पाहण्यांमध्ये लोक म्हणत होते, आम्ही जास्त पैसे देऊ. पण कळप, कत्तलखाने, गोदामं सगळीकडे माल वेगळा ठेवायचा खर्च चढला, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने संसदेला दिलेल्या अहवालात निष्कर्ष निघाला की गिऱ्हाइकांना होणारा फायदा त्या खर्चाला पुरेल असा दिसत नाही. तिकडे या सक्तीविरुद्धची तक्रार कॅनडा आणि मेक्सिको जागतिक व्यापार संघटनेत जिंकले. त्यांना अमेरिकी मालावर वर्षाला शंभर कोटी डॉलरहून जास्त रकमेचं प्रतिशुल्क लावायची मुभा मिळाली. त्याच डिसेंबरात अमेरिकेने या दोन मांसांपुरती सक्ती काढून टाकली.

युरोपची वाट वेगळी. तिथे १९९२ पासून नावाचं संरक्षण आहे: अमुक चीज अमुक प्रांतात, अमुक पद्धतीने केलेलं असेल तरच ते नाव. ज्याला नाव हवं त्याने नियम पाळावेत. २०२० मध्ये युरोपीय आयोगाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असा माल नाव नसलेल्या तशाच मालाच्या सरासरी दुप्पट भावाने विकला जातो असं निघालं. अर्थात दुप्पट म्हणजे सगळा नावाचा महिमा नव्हे. माल मुळातही वेगळा असतो. तरी अमेरिकेचं लेबल नुसता देश सांगत होतं आणि देशाला चव नसते. गावाला असते, किंवा असते असं आपण मानतो.

आपण युरोपच्या वाटेने गेलो. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ मध्ये, पहिला मान दार्जिलिंग चहाला. पुणेकरांच्या ओळखीची नावं म्हणजे मुळशीचा आंबेमोहर, पुरंदरचं अंजीर, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोल्हापूरचा गूळ. हापूसला २०१८ मध्ये मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. पण मानांकन मिळालं म्हणून खोका खरा होत नाही. नाव वापरायचं तर बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, आणि नोंद असली तरी मांडवापर्यंत पोचेतो खोका किती हातांतून जातो! छपाई कुणीही करू शकतो.

म्हणून २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर कोड असलेले स्टिकर आणले. बागेतल्या झाडांच्या हिशेबाने स्टिकर मिळतात, म्हणजे शंभर झाडांवर हजार झाडांचा आंबा येऊ शकत नाही. स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की तिकडची यंत्रणा स्टिकरच्या खालच्या बाजूला लपलेला आकडा विचारते, आणि तो आकडा बघायचा तर स्टिकर फाडावा लागतो. फाडलेला परत चिकटवता येत नाही. वापरून न कळणारा गुण बघून कळणारा करायची ही खटपट आहे.

ती परवडते का, याचा हिशेब काकूंच्या खोक्यावरून करता येतो. डझनाला तीनशे म्हणजे फळाला पंचवीस रुपये. स्टिकर, नोंदणी, फोटो तपासणारी यंत्रणा यांचा खर्च त्या पंचविसात बसला आणि वर बागायतदाराच्या हातात काही उरलं तरच हे टिकेल. हापूसमध्ये ती जागा आहे. मंचरच्या बटाट्याला कोण स्टिकर लावणार? आंबेमोहराला लावता येईल, पण मामांचे चाळीस आणि वहिनीचे वीस बघता जपून.

त्या पंचविसातले आज बागेपर्यंत किती जातात, हे प्रत्येक खोक्याचं वेगळं गणित. मात्र छापलेल्या अक्षरांना स्वतःचा भाव असतो याचा पुरावा मला जूनमध्ये दारातच मिळाला. रद्दी द्यायला खोके काढले, तर रद्दीवाला म्हणाला, “साहेब, तो देवगडचा फाडू नका, बाजूला ठेवा.” बाकीचा पुठ्ठा त्याने काट्यावर टाकला. या खोक्याचे त्याने नगावर पैसे दिले.